एकाचे तण, दुसऱ्याचे पीक



गावात पहिल्यांदा टीव्ही आला ते दिवस थोरल्या मंडळींना आठवत असतील. पत्र्यावर नाहीतर माळवदावर एक उंच काठी आणि काठीच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा सांगाडा. रविवारी संध्याकाळी सिनेमा ऐन रंगात आला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग घरातला एक पोरगा वर चढायचा, एक जण खिडकीत उभा राहायचा आणि आत दाटीवाटीने बसलेले सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं! जरा मागं फिरव!"

त्या सांगाड्याच्या दांड्या नेहमी आडव्या असत. सांगाड्याचे तोंड बरोबर केंद्राकडे ठेवले, पण तो कुशीवर वळवून दांड्या उभ्या केल्या, तर चित्र फिके पडे. दिशा तीच, काठी तीच, मग चित्र का जावे? कारण केंद्रातून निघालेली लहर आडवी डोलत येत असे, आणि आडव्या डोलणाऱ्या लहरीला आडवीच दांडी नीट पकडते.

पटत नसेल तर घरी करून पाहा. एक लांब दोर फाटकाच्या उभ्या गजांमधून ओवा आणि पलीकडच्या झाडाला बांधा. अलीकडचे टोक हातात धरून वरखाली हलवा. लाट गजांमधून सरळ पलीकडे जाते. आता तोच दोर डावीउजवीकडे हलवा. लाट गजांवर आपटते आणि तिथेच मरते. लहरीने असे एकाच ठरलेल्या अंगाने डोलणे, याला शास्त्रज्ञ 'ध्रुवण' म्हणतात. आजच्या गप्पांत एवढा एकच शब्द ध्यानात ठेवायचा आहे. त्या एका शब्दाच्या आधाराने माणसाने आकाशगंगेतले चुंबक मोजायला घेतले, त्या मोजणीत एकदा मोठा घोटाळा झाला आणि तो कसा सुधारला, हे आज सांगायचे आहे.

खरखर कुठून येते?

गोष्ट सुरू होते एका तक्रारीपासून. १९३० च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होता. समुद्रापलीकडे रेडिओवरून बोलताना मध्ये खरखर येते ती कशाची, हे शोधायचे काम त्याच्याकडे आले. त्याने मोकळ्या रानात मोठा सांगाडा उभारला आणि तो गोल फिरावा म्हणून खाली फोर्ड मोटारीची चाके बसवली. खरखरीचे तीन प्रकार निघाले. एक जवळच्या वादळाची, एक दूरच्या वादळाची आणि तिसरी कायमची, बारीक फुसफुस करणारी. ही तिसरी रोज चार मिनिटे लवकर येई. सूर्य २४ तासांनी डोक्यावर येतो, पण तारे २३ तास ५६ मिनिटांनी. म्हणजे ही खरखर पृथ्वीवरची नव्हे, सूर्याचीही नव्हे. ती ताऱ्यांबरोबर फिरत होती. १९३३ साली जान्स्कीने सांगून टाकले, की ही आकाशगंगेकडून येते.

कंपनीच्या लेखी ती खरखर म्हणजे तण. बोलण्याच्या पिकात उगवलेले. पण १९३७ साली ग्रोट रेबर नावाच्या दुसऱ्या एका तरुणाने त्याच तणाची शेती केली. इलिनॉय राज्यात व्हीटन गावी आईच्या घराच्या अंगणात त्याने ३१ फूट रुंदीची थाळी स्वतःच्या पैशाने बांधली, दिवसा नोकरी आणि रात्री आकाश असा नेम धरला, आणि रेडिओतून दिसणाऱ्या आकाशगंगेचा नकाशा १९४४ साली छापून आणला.

पुढे कळले की ही खरखर पाठवतात इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण. मोठे तारे फुटतात तेव्हा हे कण प्रकाशाच्या जवळपास वेगाने उधळतात. पण आकाशगंगेत चुंबकत्व भरलेले आहे. ते या उधळलेल्या कणांना सरळ जाऊ देत नाही. घाण्याला जुंपलेला बैल जसा खुंटाभोवती फिरतो, तसे हे कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतात आणि गिरकी घेताना रेडिओलहर सोडतात. ही लहर वाटेल तशी डोलत नाही. ती चुंबकीय रेषेला काटकोनात डोलते.

आता तुमच्या ध्यानात आले असेल. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण लवलेला गहू दिसतो, आणि त्यावरून वारा कोणत्या अंगाने गेला हे बांधावरून सांगता येते. तसे चुंबक दिसत नाही, पण लहर कोणत्या अंगाने डोलते हे मोजता येते. त्याला काटकोन केला की त्या ठिकाणच्या चुंबकीय रेषेचा कल मिळाला. असे आकाशाच्या एकेका ठिपक्यावर करत गेले की नकाशा तयार.

हे चुंबक किती जोराचे म्हणाल, तर आपल्या होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकाच्या सुमारे एक लाखावा भाग. टाचणीही हलणार नाही. पण ते हजारो प्रकाशवर्षे पसरलेले आहे. ताऱ्यांमधला वायू एकदम कोसळून तारे होऊ नयेत म्हणून ते त्याला थोपवते आणि वेगवान कणांना वाट दाखवते. आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि एन्रिको फर्मी यांनी १९५३ सालीच गणिताने त्याचा जोर काढला होता. आज मानल्या जाणाऱ्या आकड्याच्या जवळच तो होता. आकाशगंगेच्या खरखरीतले ध्रुवण प्रत्यक्ष पकडले गेले १९६२ साली, नेदरलँड्समधील ड्विंगलो येथे आणि इंग्लंडमधील केंब्रिज येथे.

वाटेत वळणारी लहर

इथे एक अडचण आहे. लहर जशी निघाली तशीच आपल्यापर्यंत पोचत नाही. लंडनच्या मायकेल फॅरेडेने हे १८४५ साली दाखवले. फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. शाळा फार झालेली नव्हती, पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करता करता तीच पुस्तके वाचून शिकलेला. त्याने जड काचेच्या तुकड्यातून एकाच अंगाने डोलणारा प्रकाश सोडला आणि काचेजवळ जोरदार चुंबक लावले. प्रकाशाचे डोलण्याचे अंग वळले. आकाशातही वाटेत इलेक्ट्रॉन आणि चुंबक दोन्ही असल्याने रेडिओलहरीचे अंग असेच वळत वळत येते.

मग मूळचे अंग कसे कळावे? इथे निसर्गानेच एक हिशेब ठेवून दिला आहे. लहर जितकी लांब, तितकी ती जास्त वळते, आणि लांबी दुप्पट झाली की वळण चौपट होते. समजा, ६ सेंटीमीटर लांबीची लहर ५ अंश वळली. तर त्याच वाटेने आलेली २१ सेंटीमीटरची लहर सुमारे ६१ अंश वळणार. म्हणून एकाच जागेचे दोन-चार वेगवेगळ्या लांबीच्या लहरींनी मोजमाप घ्यायचे. त्यावरून एकूण वळण किती ते निघते, आणि ते उलटे फिरवून मूळचे अंग मिळते.

गंमत पाहा, हे वळण म्हणजे आधी वैताग होता. पण ते कोणत्या बाजूला वळले यावरून चुंबकीय रेषा आपल्याकडे येते की आपल्यापासून दूर जाते हे कळते. नुसत्या कलावरून ते कळले नसते. शिवाय लांब लहरींत दूरवरून आलेली वळणे एकमेकांत मिसळून पुसली जातात, म्हणून त्यांत मुख्यतः जवळचा भाग दिसतो. आखूड लहरींत खोलवरचा दिसतो. कांद्याचे पापुद्रे काढावेत तसे वेगवेगळ्या लहरींनी आकाशगंगेचे थर सोडवता येतात. कॅनडात पेन्टिक्टनजवळची २६ मीटरची थाळी आणि इतर काही दुर्बिणी मिळून असेच अनेक लहरींचे नकाशे करण्याचे काम झाले आहे.

मोजणी कशी करतात?

आपल्याकडे जमिनीची मोजणी करताना हद्दीच्या खुणा, मोजणीची साखळी आणि नकाशा यांचा मेळ बसावा लागतो. एका बाजूने मोजत गेले आणि साखळी जरा सैल राहिली, तर शेवटी बांध शेजाऱ्याच्या शेतात जातो. आकाशाच्या मोजणीतही तेच भय आहे.

ऑस्ट्रेलियात पार्क्स गावाजवळ, मेंढ्या चरतात अशा रानात ६४ मीटर रुंदीची एक थाळी आहे. २००७ ते २०१० या काळात तिने दक्षिणेकडचे सगळे आकाश १३ सेंटीमीटरच्या लहरीवर मोजले. थाळी एका उंचीवर स्थिर ठेवून पूर्वेकडे लांब पट्टे मारायचे. मग तेच आकाश मावळतीकडे आले की पश्चिमेकडे मारायचे. पृथ्वी फिरते, त्यामुळे पूर्वेचे पट्टे आणि पश्चिमेचे पट्टे एकमेकांना तिरके छेदतात. एकच ठिकाण दोनदा, दोन वेगळ्या वाटांनी मोजले जाते. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर कुठल्या तरी पट्ट्यात चूक आहे. आपण कुळवाची एक पाळी उभी आणि एक आडवी घालतो ती का? एकीत सुटलेले ढेकूळ दुसरीत सापडते म्हणून. शास्त्रज्ञ या पद्धतीला टोपली विणणे असेच म्हणतात.

त्या मोजणीतून २०१३ साली एक मोठी गोष्ट हाती आली. आकाशगंगेच्या मध्यातून वर आणि खाली निघालेले दोन अजस्र लोट दिसले. ते मध्यापासून आकाशात ५० अंशांहून अधिक दूर गेले आहेत, आणि त्यांच्यावर चुंबकीय पट्टे दोराच्या पिळासारखे गुंडाळलेले आहेत. साध्या डोळ्यांनी तिथे काहीच दिसत नाही.

दुसरी मोजणी ६ सेंटीमीटरच्या लहरीची. तिच्यासाठी दोन लहान थाळ्या वापरल्या. उत्तरेच्या आकाशासाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ओवेन्स खोऱ्यात ६.१ मीटरची आणि दक्षिणेसाठी दक्षिण आफ्रिकेतील कारू या कोरड्या माळरानावर ७.६ मीटरची. ही थाळी मळणीच्या खळ्यातल्या बैलासारखी गोल गोल फिरत राहते. दीड-दोन मिनिटांत एक फेरा, असे महिनोन्‌महिने.

या कामात मोठा शत्रू कोण असेल? तुमची-आमची भुई. ज्या ज्या वस्तूला ऊब आहे, ती ती वस्तू थोडी रेडिओलहर सोडते. जमिनीची ऊब एखाद्या पट्टीवर ३०० धरली, तर आकाशातून हवी असलेली खूण त्याच पट्टीवर एकाच्या हजाराव्या भागाएवढी असते. थाळीच्या कडेवरून जमिनीची जराशी ऊब आत डोकावली तरी सगळा हिशेब बिघडतो. म्हणून या थाळीच्या कडेने लहरी शोषून घेणारे कुंपण घातले. शिवाय दुर्बिणीचे माप खरे आहे की नाही हे पाहायला वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ आहे. त्याचे ध्रुवण ठरलेले आणि माहीत असलेले. बाजारात काटा तपासायला शिक्क्याचे वजन ठेवतात तसा तो उपयोगी पडतो.

आता कोणी विचारेल, आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या थाळ्या आहेत, एकंदर ३० आहेत, मग हे काम तिथे का झाले नाही? प्रश्न रास्त आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ती दुर्बीण मीटरच्या आसपास लांबीच्या लहरींसाठी जगात नावाजलेली आहे, आणि ध्रुवण तिलाही मोजता येते. पण २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या तीस थाळ्या मिळून जे पाहतात ते बारीक तपशिलाचे. कणसातला दाणा न् दाणा दिसेल, पण सगळ्या शिवाराचा उतार कुठल्या अंगाला आहे हे त्या नजरेला दिसत नाही. आकाशभर पसरलेला मंद उजेड म्हणजे तो उतार. तो मोजायला एकटी थाळीच लागते. ज्या कामाला जे अवजार. खुरप्याने नांगरट होत नाही आणि नांगराने निंदणी होत नाही.

अंगणातली धूळ

आता त्या घोटाळ्याकडे येतो.

हा नकाशा केवळ आकाशगंगेच्या हौशीचा नाही. आपल्या आकाशगंगेच्या पलीकडून, सगळ्या दिशांनी, एक फार जुना उजेड येतो. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. त्यातली पहिली ३ लाख ८० हजार वर्षे झाली तेव्हाचा हा उजेड आहे. विश्व जन्मताच एका क्षणात अफाट फुगले असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. तसे खरेच झाले असेल, तर त्या धक्क्याने या जुन्या उजेडाच्या ध्रुवणात भोवऱ्यासारखी एक नाजूक वळणे राहिली पाहिजेत. ती सापडली तर सृष्टीच्या पहिल्या क्षणाचा पुरावा मिळाला.

दक्षिण ध्रुवावर बर्फात बसवलेल्या बायसेप-२ नावाच्या लहानशा दुर्बिणीने २०१० ते २०१२ अशी तीन वर्षे आकाशाच्या एका तुकड्याकडे टक लावली. तो तुकडा स्वच्छ असावा असा अंदाज होता. लहर एकच, २ मिलिमीटर लांबीची. १७ मार्च २०१४ रोजी त्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की भोवरे सापडले. जगभर पहिल्या पानावर बातम्या आल्या. नोबेल पारितोषिकाची भाषा सुरू झाली.

पण काही जणांनी विचारले, "मधल्या धुळीचे काय?" आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधे बारीक धूळ आहे. तिचे लांबट कण चुंबकीय रेषेला आडवे होऊन गिरक्या घेतात, त्यामुळे त्यांच्या उबेच्या लहरीलाही ध्रुवण येते आणि तेही भोवऱ्यासारखे दिसू शकते. ही धूळ मोजायला लागतात आणखी आखूड लहरी, आणि त्या बायसेप-२ कडे नव्हत्या. त्या होत्या युरोपच्या प्लँक उपग्रहाकडे. २००९ साली तो आकाशात गेला होता आणि २०१३ पर्यंत त्याने आकाश पुन्हा पुन्हा मोजले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये प्लँकच्या मंडळींनी दाखवले, की त्या स्वच्छ समजलेल्या तुकड्यातही धूळ आहे. मग दोन्ही गट एकत्र बसले, एकमेकांची टिपणे मांडली आणि ३० जानेवारी २०१५ रोजी जोडीने सांगितले, की दिसलेली खूण धुळीने भागते, आरंभाच्या धक्क्याचा पुरावा यात उरत नाही.

विश्वाच्या पहिल्या क्षणाचा म्हणून पकडलेला उजेड निघाला आपल्याच अंगणातल्या धुळीचा.

यात कोणी लबाडी केली नव्हती. मोजमाप चोख होते. खूण खरी होती. ती कोणाची, हे ओळखण्यात चूक झाली. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी शेतात हिरवे दिसले म्हणून हरखून जावे आणि जवळ जाऊन पाहावे तर निम्मे तणच, असे आपलेही होते. तण उपटायचे तर आधी ते रोपापासून वेगळे ओळखता आले पाहिजे. नवख्याने ज्वारीच्या जागी तण ठेवून ज्वारीच उपटल्याचे आपण पाहिलेले आहे.

म्हणून आता रीत बदलली. धूळ आखूड लहरींत जोरात बोलते, गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन लांब लहरींत. जुना उजेड या दोघांच्या मधे अडकलेला. तेव्हा दोन्ही बाजूंची निंदणी केल्याशिवाय मधले पीक दिसणार नाही. पार्क्सचा, कॅलिफोर्नियाचा, कारूचा नकाशा त्यासाठी लागतो. स्पेनच्या तेनेरीफ बेटावरून दोन-एक सेंटीमीटरच्या लहरींनी केलेले उत्तर आकाशाचे नकाशेही २०२३ साली प्रसिद्ध झाले. आणि दक्षिण ध्रुवावरची ती मंडळी रुसून घरी गेली नाहीत. त्यांनी आणखी लहरींवर दुर्बिणी लावल्या, प्लँकचे नकाशे हिशेबात घेतले आणि २०२१ साली सांगितले, की अजून खूण सापडलेली नाही, आणि असलीच तर अमुक एका मर्यादेहून लहान आहे. मोठी बातमी नव्हती ती. पण पहिल्या बातमीहून ती जास्त कसाची होती.

आणि याचा आपल्याला काय उपयोग?

हा प्रश्न तुमच्या ओठावर असणार. आकाशगंगेचे चुंबक मोजून ज्वारीचे एक कणीस वाढत नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण याच विद्येचे एक शेत आपल्या मातीत आहे, तेवढे दाखवतो.

बायसेप आणि प्लँकची ती जोडीची कबुली आली त्याच आठवड्यात, ३१ जानेवारी २०१५ रोजी, अमेरिकेने स्मॅप नावाचा उपग्रह सोडला. त्याच्यावर ६ मीटरची जाळीची थाळी. ती आकाशाकडे पाहत नाही, खाली जमिनीकडे पाहते. जमिनीची ऊब रेडिओलहर सोडते हे वर सांगितलेच. कोरडी माती ही लहर जास्त सोडते, ओली माती कमी सोडते. शिवाय उभ्या अंगाची लहर आणि आडव्या अंगाची लहर यांत फरक पडतो. हा फरक २१ सेंटीमीटरच्या लहरीवर मोजून वरच्या पाच-एक सेंटीमीटर मातीत ओल किती आहे ते काढतात. ते तुमच्या एकट्याच्या शेतापुरते नसते. सुमारे ४० किलोमीटरच्या टापूची ती सरासरी असते. पण दुष्काळाचा आणि पुराचा अंदाज बांधायला ती कामाला येते.

आता खरी मजा इथेच आहे. आकाश मोजणाऱ्याला जमिनीची ऊब म्हणजे तण. ती आत येऊ नये म्हणून त्याने थाळीला कुंपण घातले. मातीची ओल मोजणाऱ्याला तीच ऊब म्हणजे पीक. आणि त्याचे तण कोणते? तर आकाशगंगेची खरखर! ती जमिनीवर पडून परत उसळते आणि उपग्रहाच्या मापात मिसळते. म्हणून ओलीचा आकडा काढण्याआधी आकाशगंगेच्या नकाशावरून ती वजा करावी लागते. वातावरणाच्या वरच्या थरात फॅरेडेचे वळणही लागते. तेही सोडवावे लागते. लोहाराच्या मुलाने एका काचेच्या तुकड्यात पाहिलेली गोष्ट आज मातीतल्या ओलीच्या हिशेबात हजर आहे.

जान्स्कीच्या कंपनीला नको असलेली खरखर रेबरचे पीक झाली. प्लँकच्या मंडळींतल्या ज्यांना जुना उजेड हवा होता त्यांना धूळ नको होती, पण त्यांच्याच शेजारी बसून आकाशगंगेचे चुंबक पाहणाऱ्यांना त्या धुळीने सगळ्या आकाशाचा नकाशा दिला. फेकण्याआधी माणसाने एवढेच पाहावे, की हे नेमके आहे काय. माझ्या आजीचे रानभाज्यांचे असेच होते. खुरपताना बाकीच्या बाया जे बांधावर टाकत, त्यातले चिघळ आणि कुंजीर ती पदरात वेचून घेई, आणि रात्री ताटात तीच भाजी असे. तिला प्रत्येक पाला नावाने ठाऊक होता, म्हणून तिचे कधी चुकले नाही.

यंदा आश्विनात पाऊस उघडला की एखाद्या अंधाऱ्या रात्री जेवणे उरकून अंगणात या. पोरांनाही बोलवा. गावातल्या दिव्यांकडे पाठ करा आणि नैर्ऋत्येकडे, वृश्चिक आणि धनु राशींच्या बाजूला पाहा. दुधाळ पट्टा दिसेल, आणि त्यात मधे मधे काळे डाग दिसतील. ते डाग म्हणजे आकाश रिकामे नाही. तीच ती धूळ आहे, मागच्या ताऱ्यांना झाकणारी. पोरांना ती बोटाने दाखवा, आणि सांगा की जगातल्या हुशार माणसांना हिने एकदा चांगलेच चकवले होते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर रामराम.